शिक्क्यापासून सुरुवात: घरातल्या जुन्या कागदांवरील मुद्रा, मोर्तब आणि मुद्रिका कशा वाचाव्यात

सीमाभागातल्या जुन्या घरांच्या माडीवर अजूनही एखादी पत्र्याची ट्रंक असते, तिच्यात मळकट रुमालात बांधलेले कागद असतात, आणि ‘हे पणजोबांच्या वेळचे आहे, वतनाचे आहे’ एवढ्यापलीकडे घरातल्या कोणालाही त्यांच्याविषयी काही सांगता येत नाही. कागद मोडीत, जमिनीचा आजचा उतारा कानडीत आणि मुलांचे शिक्षण इंग्रजीत, अशा घरात तो रुमाल पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही. खानापूर, चिकोडी, निपाणी, संकेश्वर या बाजूंना मला भेटलेल्या बहुतेकांचा समज असा असतो की आधी मोडी शिकावी लागेल आणि मगच कागदांना हात घालता येईल. हा समज बराचसा चुकीचा आहे. पत्राचा मजकूर मोडीत असला तरी मराठी अमलातील शिक्के बहुधा बाळबोध लिपीत, म्हणजे आपण आज वाचतो त्याच देवनागरीत कोरलेले असतात. त्यामुळे मोडीचे एक अक्षर न येणाऱ्या माणसालाही शिक्का वाचून तो कागद कोणाच्या अमलातला, साधारण कोणत्या काळातला आणि मूळ आहे की नक्कल, याचा पहिला अंदाज बांधता येतो. म्हणून सुरुवात शिक्क्यापासून करावी, असे मी नवीन माणसाला नेहमी सांगतो, आणि ती कशी करावी ते येथे क्रमाने लिहिले आहे.

आधी शब्द समजून घ्यावेत

मुद्रा हा संस्कृत शब्द, मोहर हा फारसी आणि शिक्का हा अरबीतून आलेला. व्यवहारात मात्र तिन्ही शब्द एकाच वस्तूसाठी वापरलेले आढळतात. मुद्रा म्हणजे कोरलेला ठसा आणि त्याने उमटवलेली आकृतीही. ती अंगठीवर कोरलेली असेल तर मुद्रिका. आपल्याकडचे कानडी शेजारी ठशाला ‘मुद्रे’ आणि अंगठीला ‘उंगुर’ म्हणतात, म्हणून मुद्रिकेला ‘मुद्रेयुंगुर’ असा जोडशब्द ऐकू येतो. कोणी तसे म्हणाले तर वस्तू हीच समजावी.

‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण रोज म्हणतो, पण त्या एका शब्दात दोन वेगळे ठसे आहेत हे फार थोड्यांच्या लक्षात येते. शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटतो आणि हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते सांगतो. मोर्तब हा लहान ठसा मजकूर जेथे संपतो तेथे उमटतो, आणि त्याच्या खाली कोणी एक ओळ जरी वाढवली तरी ती अधिकृत नाही, असे सांगतो. अरबी-फारसीतला ‘मुरत्तब’ म्हणजे रीतसर पुरा केलेला, आणि कागदांच्या शेवटी आढळणाऱ्या ‘मोर्तब सूद’ मधला ‘सूद’ म्हणजे ‘झाले’. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांवर शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब असते, म्हणजे ‘ही मर्यादा येथे शोभते आहे’. पेशवाईतल्या कागदांवर त्याच जागी ‘लेखनसीमा’ असा शब्द दिसतो. दोन्हींचा अर्थ एकच आहे, लिहिणे येथे संपले.

मुद्रेचा मूळ अर्थ हाच आहे: मी समोर नाही, पण हे माझे बोलणे आहे. सिंधू संस्कृतीतले प्राण्यांच्या आकृतींचे चौकोनी दगडी ठसे, इराकच्या भूमीतले ओल्या मातीवर फिरवायचे नळीसारखे ठसे, रोमन सरदारांच्या अंगठ्या या सर्वांचे काम हेच होते. रोमचा सम्राट ऑगस्टस याने आधी स्फिंक्सची, नंतर सिकंदराच्या चेहऱ्याची आणि शेवटी स्वतःच्या चेहऱ्याची मुद्रा वापरली. पोपच्या अंगठीची मुद्रा त्याच्या मृत्यूनंतर निकामी करण्याची रीत आहे, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने नवे पत्र निघू नये. आपल्या अभंगांतही शेवटी ‘तुका म्हणे’ येते त्याला नाममुद्रा म्हणतात, आणि कानडी वचनकारांच्या ‘कूडलसंगमदेव’ सारख्या अंकिताचे कामही तेच आहे.

पहिली पायरी: रुमाल सोडण्यापूर्वी

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, टेबलावर स्वच्छ पांढरे सुती कापड अंथरावे आणि चहा-पाणी त्या खोलीबाहेर ठेवावे. जुनी शाई काजळ आणि डिंक यांची असते. ती उन्हाने फारशी फिकी पडत नाही, पण पाण्याचा एक थेंब पडला तर पसरते. म्हणून कागद सरळ करण्यासाठी पाणी फवारू नये, ओल्या कापडाने पुसू नये, इस्त्री तर मुळीच करू नये. घडी कडक झाली असेल तर ती बळाने उलगडण्यापेक्षा पावसाळ्याच्या दमट दिवसाची वाट पाहावी. आपल्या भागात असे दिवस भरपूर मिळतात आणि त्या हवेत घडी आपोआप नरम होते. काम झाले की कागद सावलीत कोरडे होऊ द्यावेत, म्हणजे बुरशी धरत नाही.

लॅमिनेशनविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. आमच्या नात्यातल्या एका घरी इनामाची एक सनद होती. ती जपली जावी या चांगल्या हेतूनेच घरच्या मुलाने ती झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. यंत्राच्या उष्णतेने प्लास्टिक कागदाच्या तंतूंत शिरले, मागच्या बाजूच्या सांध्यांवरचे शिक्के दुधट झाले आणि आता ते प्लास्टिक सोडवायचे तर कागदच फाटतो. चिकटपट्टीचेही तसेच, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि शिक्क्यावरून आरपार डाग पडतो. कसर लागलेला, भोके पडलेला कागद तसाच साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवला तर तो अजून शंभर वर्षे वाचता येतो.

दुसरी पायरी: शिक्का कोठे बसला आहे ते पाहावे

जुने पत्र बहुधा लांब पट्टीसारखे असते, कारण कागदाचे तुकडे म्हणजे ‘बंद’ एकाखाली एक डकवून मजकूर वाढवत नेलेला असतो. प्रथम सर्वांत वर पाहावे. तेथे ‘श्री’ किंवा देवतेचे नाव आणि त्याच्या आसपास मुख्य शिक्का असतो. छत्रपतींची मुद्रा असेल तर ती मानाच्या जागी, आणि प्रधानांचे शिक्के तिच्या खाली किंवा बाजूला असतात. मग थेट खाली जाऊन मोर्तब शोधावे. त्यानंतर कागद हलक्या हाताने उलटा करून पाठीमागचे सांधे तपासावेत, कारण दोन बंद जेथे चिकटवले आहेत तेथे अर्धा वरच्या आणि अर्धा खालच्या तुकड्यावर येईल असा लहान शिक्का मारण्याची रीत होती. मधला एखादा बंद काढून दुसरा घातला तर त्या शिक्क्याचे दोन अर्ध एकमेकांशी जुळत नाहीत. नवखी माणसे पाठ पाहायचीच विसरतात, आणि कागदाच्या खरेपणाची साक्ष तर बऱ्याचदा तेथेच असते.

मोर्तबाच्या आसपास ‘रुजू’ किंवा ‘बार’ असे छोटे शेरे वेगळ्या हस्ताक्षरात दिसतील. रुजू म्हणजे तपासून पाहिले, बार म्हणजे दप्तरात नोंद झाली. हे शेरे मोडीत असले तरी पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे चित्रासारखे लक्षात राहतात, आणि मोडीशी पहिली ओळख व्हायला त्यांच्याइतके सोपे काही नाही.

तिसरी पायरी: लिपी आणि आकार

आपल्या बेळगाव जिल्ह्याने जितके अंमल पाहिले तितक्या प्रकारचे शिक्के एकाच ट्रंकेत सापडू शकतात. विजापूरची आदिलशाही १६८६ मध्ये औरंगजेबाने बुडवली, त्यानंतर बेळगावला आझमनगर म्हणत आणि ते नाव शहरातल्या एका वस्तीला आजही आहे. मग सावनूरचे नवाब, पेशवे, करवीरचे (कोल्हापूरचे) छत्रपती आणि १८१८ पासून कंपनी सरकार. त्यातही एकसारखेपणा नव्हता. रायबाग करवीर संस्थानात, बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात, तर रामदुर्गचे संस्थान वेगळे. त्यामुळे एका गल्लीचे कागद एका दरबारचे आणि पलीकडच्या गल्लीचे दुसऱ्या दरबारचे, असे येथे सहज घडते.

फारसी लिपीतला ठसा असेल तर तो आदिलशाही किंवा मोगल अंमलदाराचा अथवा काझीचा असण्याचा संभव मोठा. काझीच्या शिक्क्यात ‘खादिमे शरा’ म्हणजे धर्मशास्त्राचा सेवक हे शब्द पुष्कळदा असतात. फारसी शिक्क्यातल्या ओळी अनेकदा खालून वर वाचायच्या असतात, हे माहीत नसले तर फारसी जाणणाराही अडखळतो. बाळबोध शिक्का मराठी अमलातला, कानडी अक्षरांचा शिक्का स्थानिक देसाई, नाडगौडा किंवा मठाचा असू शकतो, आणि इंग्रजी अक्षरांचा, बहुधा गोल, कधी शाईविना नुसता उठावाचा ठसा कंपनी किंवा ब्रिटिश सरकारचा. एकट्या आकारावरून निष्कर्ष काढू नये. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे आणि तिच्याच प्रेरणेने २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाच्या नव्या निशाणावर अष्टकोन आला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण घरातल्या कागदावर अष्टकोन दिसला म्हणजे पत्र महाराजांचे, असे लगेच समजू नये. पुढच्या काळात अष्टकोनी शिक्के इतरांनीही वापरले.

चौथी पायरी: शिक्क्याचा मजकूर

येथे घाई करू नये. खिडकीपाशी तिरप्या उजेडात कागद ठेवून मोबाइलने शिक्क्याचा अगदी जवळून फोटो घ्यावा आणि मोठा करून पाहावा. जुन्या ठशांत शब्द सुटे लिहिलेले नसतात, जागा पुरेल तशी अक्षरे ओळीत मोडलेली असतात. म्हणून आधी अर्थ न लावता एकेक अक्षर वहीत उतरवावे आणि मग शब्द तोडावेत.

शब्द तोडले की त्यांची एक ठरीव घडण दिसू लागते. सर्वप्रथम धनी, मग वडिलांचे नाव ‘सुत’ जोडून, शेवटी स्वतःचे नाव. होळकरांची मुद्रा पाहा: ‘श्री म्हाळसाकांत चरणी तत्पर खंडोजीसुत मल्हारजी होळकर’. येथे पहिला मान जेजुरीच्या खंडोबाचा आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात तो मान छत्रपतींचा असतो: ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. ‘बल्लाळ’ हे आडनाव नाही, बाळाजीचा मुलगा एवढाच त्याचा अर्थ. शिक्का हातात धरणाऱ्याच्या फौजा उत्तरेत पोचल्या तरी त्याचे स्वतःचे नाव राजाच्या नावानंतरच कोरले जाई, आणि अधिकार खरोखर कोणाचा होता या प्रश्नाला शिक्का असे लेखी उत्तर देतो. प्रधानपद देतानाही वस्त्रांबरोबर ‘शिक्के-कट्यार’ दिली जाई; शिक्का परत घेतला म्हणजे पद गेले.

याच घडणीमुळे कागदाचा काळ ठरवता येतो. शाहू छत्रपतींचे निधन १७४९ मध्ये झाले, त्यानंतरच्या पेशव्यांच्या शिक्क्यांत राजारामांचे नाव येते. १७७७ नंतर सातारच्या गादीवर पुन्हा शाहू नावाचेच छत्रपती होते, म्हणून नुसते ‘शाहू’ वाचून थांबू नये, पुढचे प्रधानाचे नावही वाचावे. आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर ही दोन राज्ये वेगळी मानली गेली, आणि शंभू, शिव ही नावे करवीरच्या गादीवर पुन्हा पुन्हा येतात. ‘शंभु’ वाचताच संभाजी महाराजांचा कागद सापडला असा आनंद काही घरांत झालेला मी पाहिला आहे. त्यांची मुद्रा वेगळीच आहे: ‘श्री शंभोः शिवजातस्य मुद्रा द्यौरिव राजते । यदंकसेविनो लेखा वर्तते कस्य नोपरि ॥’ म्हणजे शिवपुत्र शंभूची ही मुद्रा आकाशासारखी शोभते, आणि तिच्या आश्रयाची लेखा कोणावर चालत नाही? अक्षर न्‌ अक्षर जुळल्याशिवाय एवढे मोठे नाव घेऊ नये.

शिवाजी महाराजांची मुद्रा येथे पूर्ण देतो, कारण तिच्यात ‘धनी’ कोण हे पाहिले की तिचे वेगळेपण कळते. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥’ प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाला वंद्य अशी ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा कल्याणासाठी शोभते आहे. दख्खनच्या दरबारांत फारसी शिक्के रूढ असताना ही मुद्रा संस्कृतात आहे, तिच्यात कोणत्याही सुलतानाचे नाव नाही, वडिलांचे आहे, आणि मुद्रा कशासाठी तर ‘भद्राय’, असा तिचा हेतू तीच सांगते. नवशिक्याने शब्द तोडण्याचा सराव याच श्लोकावर करावा.

पाचवी पायरी: सन

शिक्क्यावर आकडा असेल तर तो पत्राचा दिनांक समजू नये. तो बहुधा ठसा कोरल्याचा किंवा पद मिळाल्याचा सन असतो, आणि तोच ठसा पुढे दहा-वीस वर्षे चालू शकतो. पत्राचा सन शिक्क्यावरच्या सनाच्या नंतरचा असणे स्वाभाविक आहे. तो आधीचा निघाला तर मात्र कागद बाजूला काढून जाणकाराला दाखवावा.

फारसी अंकांत शून्य म्हणजे एक ठिपका, सात म्हणजे वर तोंड उघडलेला कोन आणि आठ म्हणजे तोच कोन उलटा, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच सन लागतात. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो. हिजरी ११०० म्हणजे साधारण १६८९. मराठी पत्राच्या मजकुरात सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावेत: ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, हजार, अर्थात १०७५, आणि ते वर्ष १६७४-७५. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. फसली सनात ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९ मिळवावेत. तारखेआधी दिसणारे ‘छ’ हे अक्षर चंद्राचे, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या तिथीचे आहे.

सहावी पायरी: ज्यांच्याकडे शिक्का नव्हता त्यांच्या निशाण्या

महजर, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याचा कागद, हाती लागला तर त्याच्या खालच्या भागावर जास्तीत जास्त वेळ द्यावा. देशमुख, देसाई, देशपांडे यांचे शिक्के तेथे असतातच, पण त्यांच्या जोडीला गावातल्या साध्या माणसांनी हाताने काढलेल्या किंवा काढवून घेतलेल्या निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस (लाकूड तासायचे हत्यार), वाण्याचा तराजू, शिंप्याची कात्री, शिपाईगड्याची कट्यार, आणि बाई साक्षीला असेल तर तिचे कांकण. लिहिता न येणाऱ्या माणसाने ज्या हत्याराने पोट भरले तेच त्याची मुद्रा झाले. माझ्या मते हे निशाण्यांचे चार-सहा बोटे लांबीचे पट्टे एखाद्या सरदाराच्या मोठ्या शिक्क्याइतकेच मोलाचे आहेत, कारण त्या गावात त्या दिवशी कोण कोण हजर होते हे दुसरीकडे कोठेच लिहिलेले नसते. निशाणीशेजारी नाव मोडीत असते; गावातली जुनी घराणी आपल्याला माहीत असतील तर ते नाव ओळखायला फार वेळ लागत नाही.

सातवी पायरी: मुद्रिका किंवा धातूचा ठसा हाती आला तर

प्रथम तो खरोखर व्यवहारातला ठसा आहे का ते पाहावे. देवघरात शंख, चक्र, गदा, पद्म कोरलेल्या पितळी किंवा चांदीच्या मुद्रा असतात, त्या गोपीचंदन लावण्याच्या. माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या पंथातल्या, घराण्यांत तर आषाढातल्या एकादशीला स्वामींकडून तापवलेल्या तप्तमुद्रा अंगावर घेण्याची रीत आहे. लाकडाचा मोठा ठसा असेल तर तो खळ्यातल्या धान्याच्या राशीवर ओल्या मातीत उमटवण्याचा असू शकतो. सरकारी वाटा ठरेपर्यंत राशीतले दाणे कोणी काढू नयेत म्हणून असे शिक्के मारत. यांपैकी काहीही कमी मोलाचे नाही, फक्त त्यांना दरबारी मुद्रा म्हणू नये.

खऱ्या मुद्रिकेची खूण म्हणजे उलटी अक्षरे. कोरीव काम आरशातल्यासारखे असेल तरच ठसा सुलटा उमटतो. नावाची आद्याक्षरे सुलटी कोरलेली सोन्याची अंगठी ही हौसेची, ठशाची नाही. आमच्या घरी चांदीत बसवलेल्या तांबूस अकिकाची एक अंगठी होती. तिच्यावर वर ‘श्री’ आणि खाली दोन ओळींत नाव आहे, हे लहानपणी मला कधी कळलेच नाही, कारण डोळ्यांना ती नुसती वेलबुट्टी वाटे. एकदा आजी भाकऱ्या करत असताना तिने पिठाच्या ओल्या गोळ्यावर ती अंगठी दाबली आणि उचलली, तेव्हा पिठावर माझ्या खापरपणजोबांचे नाव स्वच्छ उमटलेले दिसले. अकिकाचा हा उपयोग पूर्वापार आहे. दगड कठीण, कोरीव काम झिजत नाही आणि गरम लाख त्याला चिकटत नाही.

आपण मात्र पीठ वापरू नये, ते रेघांत अडकून राहते. कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ काढावी, टॉर्चचा प्रकाश अगदी आडवा टाकून फोटो घ्यावा आणि मोबाइलमध्ये तो आडवा उलटवावा. मजकूर लगेच सुलटा दिसतो. ठसा हवाच असेल तर मुलांच्या खेळातल्या मऊ रंगीत मातीवर हलका दाब द्यावा. जुन्या दगडावर गरम लाख ओतू नये, तडा जातो. चांदी काळी पडली असेल तर सराफाकडे पॉलिशला देऊ नये. पॉलिशने रेघांच्या कडा गोल होतात आणि काळपटपणाबरोबर अक्षरेही जातात.

लाखेवर मारलेला शिक्का कागदावरच्या शिक्क्यापेक्षा वेगळे काम करतो. कागदावरचा शिक्का बोलतो, लाखेवरचा बंद करतो. पत्राची थैली, खजिन्याची पेटी, कोठाराचे कुलूप यांवरची लाख फुटली म्हणजे कोणीतरी उघडले. याचे सर्वांत जळते उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. १८२४ मध्ये कित्तूरच्या देसाईंच्या निधनानंतर धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तक मान्य करण्याचे नाकारले आणि कित्तूरच्या खजिन्याला मोहरा लावून पहारा बसवला. त्या संघर्षात २३ ऑक्टोबरला राणी चन्नम्मांच्या फौजेकडून तो मारला गेला. आपल्या खजिन्यावर परक्याची मोहर बसणे म्हणजे काय, हे त्या वाड्यातल्या माणसांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

याहून जुना नमुना पाहायचा तर खानापूर तालुक्यातल्या हलशीचा विचार करावा. कदंबांच्या काळात हिचे नाव पलाशिका होते आणि येथे कदंबांचे ताम्रपट सापडले आहेत. ताम्रपटाचे पत्रे एका कडीत ओवलेले असतात आणि कडीची टोके मुद्रेच्या जाड धातूत बसवून बंद केलेली असतात. पत्रा बदलायचा तर कडी तोडावी लागते. कागदाच्या सांध्यावरचा लहान शिक्का आणि ताम्रपटाची ही कडी यांत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, पण योजना एकच आहे. मुद्रेवरचे चिन्ह घराण्याचे असते. बदामीच्या चालुक्यांचा वराह, राष्ट्रकूटांचा आणि कोल्हापूरच्या शिलाहारांचा गरुड, गोव्याच्या कदंबांचा सिंह.

आठवी पायरी: मूळ, नक्कल की बनावट

शिक्क्याच्या जागी हाताने रेघ ओढून वर्तुळ किंवा चौकट काढली असेल आणि आत शिक्क्याचा मजकूर लेखणीने लिहिला असेल, तर ती नक्कल आहे. तिला खोटी म्हणू नये. मूळ कागद सरकारात दाखल करताना अशा नकला घरी ठेवत. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनामांची चौकशी झाली तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी घराण्यांनी जुन्या सनदा काढून दाखवल्या, म्हणून १९व्या शतकातल्या कागदावर १८व्या शतकातला शिक्का ‘लिहिलेला’ आढळला तर तो बहुधा या धांदलीतला असतो.

बनावट ओळखणे अवघड आहे आणि शिक्का खरा असला तरी प्रश्न संपत नाही. ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकाची सारी गुंतागुंत यावरच उभी आहे: अमात्य राक्षसाची मुद्रिका त्याच्या पत्नीच्या बोटातून गळून चाणक्याच्या हेराच्या हाती लागते आणि चाणक्य त्याच अस्सल मुद्रेने बनावट पत्रावर ठसा उमटवतो. म्हणून शिक्का, हस्ताक्षर, मायना, सन आणि कागद या पाचही गोष्टी एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. यांतली एक जरी जुळत नसेल तर निर्णय लांबणीवर टाकावा. शिक्का वाचून जमिनीच्या आजच्या हक्काविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये, तो प्रश्न वकिलाचा आणि महसूल कचेरीचा आहे.

नववी पायरी: नोंद आणि पुढचा तपास

कागद मोजून प्रत्येकाला स्वतंत्र लिफाफा करावा आणि क्रमांक लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहावा, मूळ कागदावर काहीही लिहू नये. फोटो पुढचा, पाठीचा आणि प्रत्येक शिक्क्याचा वेगळा घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे ठशाचे माप फोटोतच येते. मग मोडी वाचणाऱ्याकडे मूळ न नेता हे फोटो न्यावेत.

जोडीचे कागद शोधायचे तर अंमल पाहून दिशा ठरवावी. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, करवीर दरबारचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात पाहावेत, आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात खासगी घराण्यांची दप्तरे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्याआधीच्या सरकारी पत्रव्यवहाराचा माग मुंबईकडेही लागतो, हे विसरू नये.

शेतात नांगरताना ठसा किंवा मुद्रिका सापडली तर गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत, म्हणून बाहेरगावच्या नातेवाइकांना आठवण म्हणून द्यायचा असेल तर शिक्क्याचा चांगला फोटो द्यावा. वहीत शिक्क्याच्या मजकुराचा रकाना भरताना जे अक्षर लागले नाही तेथे टिंब द्यावे आणि आपला अंदाज शेजारच्या रकान्यात वेगळा लिहावा. पुढे दुसऱ्या कोणत्या घरच्या कागदावर तोच ठसा जास्त स्वच्छ उमटलेला मिळाला की त्या टिंबांच्या जागी अक्षरे भरता येतात.